थकलेली दाद

वडिलांचा फोन दोनेक आठवड्यांनी चालू केला, तेव्हा त्यावर आलेला पहिला संदेश असा होता : "आदरणीय सदस्य, आपली दाद थकली आहे. कृपया त्वरित द्यावी."

मुलगी फोन हातात धरून तशीच उभी राहिली. माणूस गेल्यावर काय काय थकलेले निघते याची तिला एव्हाना कल्पना आली होती. वाचनालयाची पुस्तके निघाली होती, दाताच्या डॉक्टरांकडची एक वेळ निघाली होती. दाद हे नवीन होते.

"काय गं?" आईने विचारले. ती टेबलापाशी मटार सोलत बसली होती. आता दोघींपुरतेच सोलायचे, हे तिच्या हातांना अजून कळले नव्हते. वाडगे भरून वाहायला आले होते.

"बाबांचा तो कवितांचा समूह. बाबांची दाद थकलीय म्हणतायत."

"थकणारच की. रोज सकाळी उठल्या उठल्या तेच काम असायचं. दहा जणांना 'वा' म्हटल्याशिवाय चूळ भरायचे नाहीत." आईने एक शेंग उगाचच दोनदा उघडून पाहिली. "त्या लोकांना कळव बाई तेवढं. कुणीतरी वाट बघत असेल. कवी म्हणून त्यांना ओळखणारी तीच माणसं. आपण काय, घरचे."

ते "आपण काय, घरचे" आईने सहज म्हटले होते, पण मुलीला ते नेमके जिथे लागू नये तिथे लागले.

वडील आयुष्यभर लिफ्ट तपासत असत. शहरातल्या इमारती त्यांना पत्त्याने नव्हे तर दोरांनी आणि ब्रेकांनी ठाऊक होत्या. निवृत्त झाल्यावर महिनाभर ते घरातल्या पंख्यांचे आवाज ऐकत बसले आणि एके दिवशी अचानक कविता करू लागले. सगळा जन्म वर-खाली बघण्यात गेलेल्या माणसाला आता काहीतरी आडवे हवे असावे. त्यांच्या एकूण एक कवितेत क्षितिज असे. पहिल्या ओळीत नसले तर दुसऱ्या ओळीत असे, आणि शेवटपर्यंत जागा सापडली नाही तर शीर्षकात असे. यमकावर त्यांचा जीव होता. यमक जुळत असेल तर अर्थाने थोडे सरकून घ्यावे, असे त्यांचे मत होते.

प्रत्येक कविता ते आधी समूहात टाकत आणि मग मुलीला पाठवत. मुलगी एका प्रकाशनसंस्थेत हस्तलिखिते वाचायच्या कामावर होती. आलेले लिखाण वाचायचे, त्यातले कुठे काय मोडले आहे ते शोधायचे आणि लेखकाला न दुखावता नाही म्हणायचे, यावर तिचे पोट चालत असे. परक्या माणसांना ती दोन-दोन पाने लिहून पाठवी. वडिलांना ती अंगठा पाठवी. घरच्या माणसाला खरे सांगायचे तर आधी वाचावे लागते, मग विचार करावा लागतो, मग शब्द जपून वापरावे लागतात. अंगठ्याला यातले काही लागत नाही.

"कळवते आत्ता," ती म्हणाली आणि आईसमोर बसली.

काम दोन मिनिटांचे होते. वडिलांच्याच नावाने समूहात चार ओळी टाकायच्या आणि फोन कायमचा बंद करायचा. तिने समूह उघडला. कोऱ्या चौकटीवर बोट ठेवले. चौकट उघडेना. तिच्याऐवजी एक पाटी आली : "आधी दाद, मग साद. पाच सदस्यांच्या कवितांना दाद दिल्यावरच आपल्याला लिहिता येईल."

"काय झालं?"

"बाबा गेले हे सांगायच्या आधी पाच जणांचं कौतुक करावं लागेल."

"मग कर की," आई म्हणाली. तिला यात काही वावगे वाटले नाही. "तेही तसंच करायचे."

मुलीने पहिली कविता उघडली. ती पावसावर होती आणि पाऊस पडायच्या आधीच संपायला हवी होती. सवयीचा परिणाम, तिने खाली लिहिले, "पहिली चार कडवी काढली तर पाचवे उभे राहील." तिच्या कचेरीत हे वाक्य चांगुलपणाचे मानले जाई. इथे ते पडताक्षणी वडिलांच्या खासगी खात्यात समूहाच्या अध्यक्षांचा निरोप येऊन आदळला : "सर, तुम्हीपण? त्या कात्रीबाईंची लागण झाली का काय? त्यांना मौनकट्ट्यावर बसवलंय हे विसरू नका. तिथे फक्त वाचता येतं, बोलता येत नाही. हसतं-खेळतं घर आहे आपलं. प्रेमाने सांगतोय."

मुलीने निमूटपणे वाक्य पुसले आणि त्या जागी "वा" लिहिले. ते खपले. मग तिने "वा वा", "व्वा", "क्या बात" आणि "शब्द नाहीत" अशा आणखी चार दाद भरल्या. शेवटची तर खरीही होती. चौकट उघडली.

आता प्रश्न आला की काय टाकायचे आहे. गझल, चारोळी, हायकू, मुक्तछंद. यांपैकी एकावर खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. निवेदन, सूचना किंवा दुःखद वार्ता असा प्रकारच नव्हता. या समूहात कविता सोडून काहीच टाकायचे नाही, असा नियम होता, आणि तो वडिलांना फार आवडे. मुलीने त्यातल्या त्यात जवळचे म्हणून मुक्तछंदावर बोट ठेवले आणि लिहिले :

"बाबा गेले. मंगळवारी सकाळी. चहा अर्धा राहिला. आपण सर्वांनी त्यांना सांभाळून घेतलेत, मी आभारी आहे."

तिने हे एका ओळीत सलग लिहिले होते. पण यंत्राने मुक्तछंद म्हटल्यावर प्रत्येक वाक्य सुटे करून मधोमध बसवले, मागे एक समुद्र आणला, त्यात एक सूर्य अर्धा बुडवला आणि खाली वडिलांचे नाव तिरक्या अक्षरांत कोरले. मुलीने "अगं बाई" म्हणेपर्यंत ते समूहात गेलेसुद्धा.

पहिली दाद आली ती इतक्या लवकर की, तेवढ्या वेळात चार ओळी वाचून होत नाहीत. "अप्रतिम सर!" मग रीघच लागली.

"अर्धा चहा! काय प्रतिमा आहे! अंगावर काटा."

"सर, आज काही वेगळ्याच उंचीवर."

"बाप हा विषयच असा. माझी 'बाप' ही कविता वर टाकली आहे, जरूर वाचा."

"शेवटचं 'मी आभारी आहे' म्हणजे जाणाऱ्याच्या तोंडचं की राहणाऱ्याच्या? विचारात पाडलंत."

"छान. यमक असतं तर आणखी बहार आली असती."

आई मान लांब करून पाहत होती. "काय म्हणतायत? हळहळत असतील."

"कौतुक करतायत."

"कुणाचं?"

"बाबांचं. त्यांना वाटतंय ही बाबांनी केलेली कविता आहे. आजोबांवर."

आईने सोललेली शेंग वाडग्यात आणि दाणे टरफलांत टाकले. "आजोबांचा आणि चहाचा काय संबंध? ते दूध प्यायचे."

मुलीने पुन्हा पाच दाद भरल्या, कारण मागच्या पाच एका लिखाणात खर्ची पडल्या होत्या, आणि या वेळी संशयाला जागाच ठेवली नाही. "ही कविता नाही. मी त्यांची मुलगी लिहीत आहे. माझे वडील खरोखर गेले आहेत." समुद्राऐवजी आता मागे एक निष्पर्ण झाड आले.

"ही कविता नाही, असं म्हणणारी कविता! सर, तुम्ही कुठे पोचलात!"

"मुलीच्या भूमिकेत शिरून लिहिणं सोपं नाही. स्त्रीमनाचा ठाव घेतलात."

"'खरोखर' हा शब्द खरोखर भिडला."

"मालिका होऊ द्या. तिसऱ्या भागाची वाट बघतोय."

मुलगी वडिलांच्या खुर्चीत बसली होती. समोर काचेच्या कपाटात वडिलांना मिळालेल्या ढाली आणि सन्मानचिन्हे उभी होती; आई दर रविवारी ती फडक्याने पुसत असे. एका सोनेरी लेखणीचे टोक केव्हाच गळून पडले होते. वडिलांनी ते डब्यात जपून ठेवले होते, चिकटवायचे म्हणून. मुलगी कधी आली तर तिची नजर त्या कपाटावर पडताना ते मुद्दाम दुसरीकडे बघत, आणि ती काही बोलत नाही असे पाहून चहाचे विचारत. एकदाच त्यांनी विचारले होते, "तुमच्याकडे येतं त्याच्या मानाने कसं असतं गं माझं?" ती म्हणाली होती, "छान असतं, बाबा." त्यांनी मान हलवली होती. समूहातली माणसेही त्यांना तेच म्हणत होती, आणि त्याचे मोल किती ते त्यांना ठाऊक होते, कारण ते स्वतः सकाळी दात घासायच्या आधी दहा जणांना तसेच म्हणत असत.

फोन पुन्हा वाजला. सगळ्या सदस्यांसाठी घोषणा होती. "बाबा गेले" ही सप्ताहातील सर्वोत्कृष्ट कविता ठरली होती.

"म्हणजे पहिला नंबर?" आईने विचारले.

"हो."

"त्यांना कधी पहिला मिळाला नव्हता." आईने पदराने बोटे पुसली. "उत्तेजनार्थ मिळायचं. ते म्हणायचे, उत्तेजनार्थवाल्याला पुढे काहीतरी असतं. पहिल्याला काय राहिलं?"

मुलगी हसावे की काय करावे या विचारात असतानाच समूहात नवी कविता आली. "आई गेली. बुधवारी संध्याकाळी. कॉफी अर्धी राहिली." कवीचे टोपणनाव दवबिंदू होते आणि वडिलांच्या सांगण्यानुसार तो शेगड्यांच्या कंपनीत विक्री बघत असे. त्याच्या मागे समुद्र, बुडता सूर्य आणि शिवाय एक बगळा होता. दाद वडिलांहून जास्त पडली. बगळ्यामुळे असेल.

एका भाबड्या सदस्याने विचारले, "अशीच कविता सकाळी वाचल्यासारखी वाटते?" त्यावर दवबिंदू भडकला. त्याने लिहिले की ही रचना त्याच्या मनात गेली कित्येक वर्षे घोळत होती, तो ती वडिलांजवळ एका कविसंमेलनात बोलला होता, आणि ज्येष्ठ म्हणवणाऱ्यांनी तरुणांच्या ताटातले असे उचलून खावे याचे त्याला अतोनात दुःख झाले आहे. पाठोपाठ त्याच्या बाजूने सतरंजी अंथरून माणसे बसली. ज्यांनी तासापूर्वी "वेगळ्याच उंचीवर" म्हटले होते त्यांनीच आता "सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती" असे लिहिले. दोन्हीकडे हात जोडल्याची तीच चित्रे होती.

इतका वेळ मुलीला फक्त थकवा आला होता. आता तिची कानशिले तापली. वडिलांच्या कविता बऱ्या होत्या असे तिने कधी म्हटले नसते, पण उचललेल्या नव्हत्या. एवढे क्षितिज दुसऱ्या कुणाकडून उचलून आणता आलेच नसते.

तिने अध्यक्षांना फोन लावला. त्यांचे ढाली आणि सन्मानचिन्हांचे दुकान होते. समूहाचे सन्मान मोफत असत, चिन्ह मात्र विजेत्याने त्यांच्या दुकानातून न्यायचे असे. आई त्यांना ढालवाले म्हणत असे. पलीकडून कोरण्याच्या यंत्राची घरघर आली.

"बोला सर!" ढालवाले ओरडले. "शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला! आत्ता तुमचंच नाव कोरतोय!"

"मी त्यांची मुलगी बोलतेय."

"ताई! वा वा! सरांनी भूमिकाही दिली का तुम्हाला? काय माणूस आहे! घरादाराला कवितेत ओढतो!"

"बाबा वारले," मुलगी म्हणाली. हे वाक्य बोलायचे टाळायचे म्हणून तर तिने लिहायचे ठरवले होते. "दोन आठवडे झाले. झोपेतून उठले, चहा घेत होते आणि तिथेच. मी समूहात लिहिलं ती कविता नव्हती. निरोप होता."

घरघर थांबली.

"अरेरे," ढालवाले हळू आवाजात म्हणाले. "खरंच की काय?"

"खरंच."

"अरेरे. फार वाईट झालं हो. सर म्हणजे समूहाचा आधारस्तंभ. रोजची दाद, कधी खाडा नाही." मग थोडे थांबून, अगदी ओशाळून ते म्हणाले, "पण ताई, कोरून झालंय."

"काय कोरून झालंय?"

"'चहा अर्धा राहिला'. पितळ आहे. पुसता येत नाही."

मुलगी काही बोलली नाही. ढालवाल्यांनी तो होकार धरला.

"तसा मरणोत्तर गट आहे आपल्याकडे. ढाल मोठी असते त्याची. पण अडचण वेगळीच आहे. दवबिंदूंची तक्रार आलीय. चौकशी समिती बसवावी लागेल, नियमच आहे. कविता तुमची म्हणावी तर तुम्ही सदस्य नाही. सरांची म्हणावी तर सर... म्हणजे, नव्हते त्या वेळी."

"ती कविताच नाही म्हणतेय ना मी!"

"ते समितीने ठरवायचं, ताई. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"त्या दवबिंदूंना विचारा की, तुमची आई खरंच गेली आहे का म्हणून."

"छे छे, कशी जाईल? त्या समूहातच आहेत. 'आई गेली'ला पहिली दाद त्यांचीच आहे. 'गुणी बाळ माझं' म्हणून लिहिलंय, बघा."

मुलीने पाहिले. खरेच लिहिले होते.

"एक करा," ढालवाले म्हणाले, "दाखला असेल ना? मृत्यूचा? पाठवून द्या. तारीख पडली की सगळ्यांची तोंडं बंद. सरांच्या नावाला बट्टा नको."

नावाला बट्टा नको एवढे ऐकून तिने दाखल्याचा फोटो काढला आणि पाठवला. ढालवाल्यांनी तो वाचला आणि न्याय लवकर व्हावा म्हणून तसाच समूहात टाकला. त्यांनाही प्रकार निवडावा लागला. त्यांनी हायकू निवडला.

"वा!" पहिली दाद आली.

"सरकारी भाषेतलं कारुण्य! नवा प्रयोग!"

"गोल शिक्का म्हणजे शून्याचं प्रतीक ना?"

मग कुणीतरी तो दाखला खरोखर वाचला असावा, कारण एकाएकी शांत झाले. एकाने आपली दाद पुसली. मग दुसऱ्याने, मग भराभर सगळ्यांनी. दवबिंदूने बगळा, समुद्र आणि आई तिन्ही काढून घेतले. थोड्या वेळाने ढालवाल्यांची घोषणा आली. आपले लाडके सर आपल्याला सोडून गेले होते आणि त्यांना आदरांजली म्हणून समूहात काव्यस्पर्धा ठेवली होती. विषय होता "रिकामी खुर्ची". मुक्तछंद चालेल, यमकाला प्राधान्य. मुलगी बघत होती तेवढ्यात खुर्च्या येऊ लागल्या. वेताच्या आल्या, झुलत्या आल्या, एक फिरतीही आली. कुणाच्याच खुर्चीत तिचे वडील बसून उठलेले दिसत नव्हते. बहुतेक खुर्च्या घरात आधीच तयार असाव्यात. आणि प्रत्येकीखाली, नियमाप्रमाणे, दाद होती.

"आली का कुणाची चिठ्ठी-चपाटी?" आईने विचारले. "कुणी विचारलं का, कसं झालं, काय झालं?"

"खूप जणांनी लिहिलंय, आई," मुलगी म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिले, आणि दोघींनीही तो विषय तिथेच सोडला. फोन बंद करायला मुलीने बोट ठेवले तेवढ्यात तो वाजू लागला. वर नाव आले : कात्री.

"हॅलो," पलीकडे बाईंचा आवाज होता. वयस्क, खणखणीत, फळ्यासमोर उभे राहून कमावलेला. "उचललात एकदाचा. फोन बंद करून बसायला काय लहान आहात? दोन आठवडे करतेय मी."

"मी त्यांची मुलगी बोलतेय."

आवाज जरा खाली आला. "हो का. मग त्यांना द्या फोन. त्यांना सांगा, भूगोलाच्या बाई आहेत. मी मौनकट्ट्यावर आहे, मला तिथे लिहिता येत नाही, पण वाचता येतं. आज सकाळपासून त्यांच्या नावाने दोन कविता आल्या."

"हो."

"दोन्हींत क्षितिज नाही."

मुलीने फोन कानाशी घट्ट धरला.

"गेली चार-पाच वर्षं मी त्यांची ओळ न् ओळ वाचते आहे. या माणसाने बटाट्यावर कविता केली त्यातही क्षितिज होतं. आज दोन कविता झाल्या आणि क्षितिज नाही, यमक नाही, एक शब्द जास्तीचा नाही. या त्यांच्या नाहीत. मग ती चौकशी, दाखला की काय ते सगळं सुरू झालं, मला चष्म्यातूनही ते बारीक दिसेना. म्हणून फोन केला." बाई थांबल्या. मग त्यांनी विचारले ते जपून विचारले, "बरे आहेत ना ते?"

गेल्या दोन आठवड्यांत घरी कितीतरी माणसे येऊन गेली होती. त्यांना सगळ्यांना आधीच कळलेले होते. कुणाला सांगावे लागले नव्हते. मुलगी उठून गॅलरीत गेली आणि तिने बाईंना सगळे सांगितले. मंगळवार सांगितला, चहा सांगितला.

पलीकडे चष्मा काढून ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे ती कविता नव्हती," शेवटी बाई म्हणाल्या.

"नाही."

"तरीच. चांगली होती."

आणि मुलीला इतक्या दिवसांत प्रथमच हसू आले. ते हसू गळ्यात येऊन कसे कुणास ठाऊक बदलले, आणि तिला गॅलरीचा कठडा धरावा लागला.  बाईंना थांबता येत होते.

"मला वाटलं होतं, माझ्यावर रागावले," मग त्या म्हणाल्या. आता आवाजातला फळा गेला होता. "शेवटचं बोललो ना, त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले. त्यांनी चंद्र उत्तरेला उगवला होता. मी म्हटलं, अहो, चंद्र उत्तरेला उगवत नाही, तिसरीच्या मुलाला कळतं. ते म्हणाले, कवितेत कुठूनही उगवतो. मी म्हटलं, मग कवितेत लिफ्टही आडवी चालवा. फोन ठेवून दिला त्यांनी. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. म्हटलं, एवढं लागलं का? म्हटलं, आपणच..." त्या खाकरल्या. "बाकीचे वाहवा करायचे. मला ते जमत नाही. मी वाचते आणि जे दिसतं ते बोलते. पण सोडून द्यायला हवं होतं का ते, उत्तरेचं?"

मुलीला आता आठवले. आईशी फोनवर बोलताना मागून वडिलांचा चढलेला आवाज यायचा; शेवटचा होता, "कवितेत चंद्र कुठूनही उगवतो, बाई!" तिला वाटायचे, टीव्ही चालू असेल. ती आईला म्हणायची, आवाज कमी करायला सांग जरा.

"बाई, एक मिनिट थांबा," ती म्हणाली.

तिने स्वतःचा फोन काढला. वडिलांची शेवटची कविता तिच्याकडे होती. सोमवारी संध्याकाळी, या वेळी समूहात न टाकता थेट तिलाच आलेली. वर लिहिले होते, "हे बघ, दुरुस्त केली आहे. आता कशी वाटते?" आणि खाली तिचा अंगठा होता, त्याच मिनिटाचा. मुलीने तो अंगठा जरा वेळ पाहिला. मग कविता उघडली आणि मोठ्याने वाचली :

"चंद्र उगवला पूर्वेला,
क्षितिजावरती सांडे अत्तर;
दार धरून मी उभा राहिलो जरा वेळ,
कुणी यायचे असेल नंतर."

"पूर्वेला?" बाईंनी विचारले. "पूर्वेला म्हणालीस?"

"पूर्वेला."

"आधी 'चंद्र उगवे दिशा उत्तर' होतं. उत्तर, अत्तर, नंतर. किती खूश होते त्या तीन यमकांवर!" बाईंचा आवाज घोगरा झाला. "यमक मोडलं त्यांनी."

"मोडलं."

"त्यांनी!"

 मुलीने कविता पुन्हा एकदा मनात वाचली. पहिल्या दोन ओळी तिने कचेरीत नाकारल्या असत्या. शेवटच्या दोन ओळींशी ती थांबली असती. लेखकाला तिने दोन पाने लिहिली असती, आणखी काय काय लिहिले आहे ते घेऊन या म्हणून कळवले असते. सोमवारी संध्याकाळी याला किती वेळ लागला असता?

"चांगली आहे," ती म्हणाली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "तिसरी ओळ लंगडते. 'जरा वेळ' जास्तीचं आहे. ते काढायला मी आधीही सांगितलं होतं."

"ते काढायचं नाही."

"का नाही? ओळ लांबते त्याने."

"लांबू दे की! दार धरून उभं राहिलेल्या माणसाची ओळ आहे ती, बाई. लिफ्टचं दार. ती लांबणारच!"

"उभा राहिलो म्हटलं, त्यात वेळ आलाच. पुन्हा 'जरा वेळ' कशाला?"

"नाही आला! वेळ म्हटल्याशिवाय वेळ येत नाही!"

"तू त्यांचीच मुलगी," बाई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी फोन करते. तोवर ओळ नीट मोजून ठेव. हट्ट करायचा तर मोजून करावा."

"करा. मोजून ठेवते. पण काढणार नाही!"

आत आईने मटाराचे वाडगे बाजूला सारले होते. गॅलरीतून येणारा चढा आवाज तिने थोडा वेळ ऐकला. मग ती उठली, ओट्याशी गेली आणि गॅस पेटवता पेटवता नेहमीच्याच सुरात म्हणाली, "कात्रीचा फोन वाटतं. आता तासभर जेवायला कुणी येत नाही."